अध्यक्षांचं गणित आणि कोपऱ्यातली डीपी

पत्र

काका, नमस्कार. आमच्या सोसायटीत ४८ फ्लॅट आहेत आणि यंदा सचिवपद माझ्या गळ्यात पडलंय. तीन घरांत इलेक्ट्रिक गाड्या आल्या आहेत. आणखी नऊ जणांनी पार्किंगमध्ये चार्जर बसवायची परवानगी मागितली आहे. अध्यक्षांनी सगळे अर्ज अडवून ठेवलेत. त्यांचं गणित असं: एक चार्जर ७ किलोवॉटचा, म्हणजे ४८ घरांचे ३३६ किलोवॉट, आणि कंपाउंडच्या कोपऱ्यातल्या ट्रान्सफॉर्मरच्या, म्हणजे डीपीच्या, पाटीवर लिहिलंय २०० केव्हीए, म्हणजे ढोबळमानानं २०० किलोवॉटच. ‘डीपी जळाली की सगळे अंधारात. आणि आपलंच काय, उद्या सगळ्या जगानं या गाड्या घेतल्या तर ग्रिडच बसेल,’ असं ते म्हणतात. गाडीवाले म्हणतात, नॉर्वेत घरोघरी आहेत, तिथे कुठे अंधार झाला? मला दोघांचंही पटतं आणि सभा पंधरा दिवसांवर आलीय. ग्रिड खरंच तयार आहे का?

ता. क. मी स्वतः इलेक्ट्रिक स्कूटर वापरते. पहिल्या मजल्यावरच्या खिडकीतून एक्स्टेन्शन बोर्ड खाली सोडून चार्ज करते. त्याला तरी हरकत नसावी ना?

— दोन्हीकडून बोलणी खाणारी सचिव

उत्तर

सचिवताई,

तुमच्या अध्यक्षांचा गुणाकार अगदी बरोबर आहे. ७ गुणिले ४८ म्हणजे ३३६, आणि ३३६ हे २०० पेक्षा जास्त, यात वाद नाही. पण हाच गुणाकार त्यांना जरा घरातल्या बाकीच्या वस्तूंना लावायला सांगा. गीझर तीन किलोवॉटचा, एसी दीडचा, इस्त्री एकाची, शिवाय ओव्हन, वॉशिंग मशीन, मिक्सर, पाण्याची मोटर. एका घरातलं सगळं एकदम चालू केलं तर सात-आठ किलोवॉट सहज होतात. ४८ घरांचे झाले साडेतीनशेच्या वर. म्हणजे या हिशेबानं तुमच्या इमारतीत पहिल्या दिवशीच लाइट जायला हवी होती, आणि ती आजतागायत यायला नको होती.

तरीही तुमच्याकडे दिवे लागतात. कारण ४८ घरांतले ४८ गीझर एका मिनिटाला कधीच चालू नसतात. वीज वितरणाचा सगळा संसार याच भरवशावर चालतो. आम्ही वीजवाले त्याला डायव्हर्सिटी म्हणायचो. लग्नाला पाचशे माणसं बोलावली तरी पंगत शंभराचीच मांडतात, तसं हे. ट्रान्सफॉर्मर, केबल, फीडर (सबस्टेशनातून निघणारी मोठी लाइन), सबस्टेशन, सगळं काही ‘सगळे एकदम बसणार नाहीत’ हे गृहीत धरून बांधलेलं असतं. कोणी फसवणूक केलेली नाही. असं केलं नसतं तर वीज कोणालाच परवडली नसती.

तेव्हा गाड्यांबाबत खरा प्रश्न एकच आहे: त्या पंगतीला एकदम बसतील का?

सोडून दिल्या तर बसतील, हे आधीच सांगून टाकतो. माणसं कामावरून साधारण एकाच सुमाराला घरी येतात, आल्या आल्या प्लग लावतात, आणि नेमक्या त्याच वेळी घरातले दिवे, एसी, ओट्यावरची उपकरणं चालू होतात. गीझर पंधरा मिनिटांत बंद होतो. गाडी मात्र एकदा सात किलोवॉटवर बसली की तास-तासभर हलत नाही. तुमच्या अध्यक्षांची भीती इथे शंभर टक्के खरी आहे. सभेत त्यांची टिंगल होऊ देऊ नका.

आता दुसरं गणित करू. गाडी दिवसाला किती चालते? शहरात ये-जा करणाऱ्या माणसाची ३५ किलोमीटर धरू. १०० किलोमीटरला साधारण १५ ते १८ युनिट लागतात. म्हणजे रोजचे सहा युनिट. चार्जिंगमधली गळती धरून साडेसहा. ४८ च्या ४८ घरांनी गाड्या घेतल्या तरी रात्रीचे झाले ३१२ युनिट. रात्री दहा ते सकाळी सहा या आठ तासांत ते सारखे वाटले, तर भार किती? ३९ किलोवॉट.

३३६ कुठे आणि ३९ कुठे! गाड्या त्याच, वीज तेवढीच. फरक फक्त कोण कधी जेवतं याचा. गाडी दिवसातले बावीस-तेवीस तास नुसती उभी असते. फ्रिजला थांबायला सांगता येत नाही, पंपाला सांगितलं तर वरच्या मजल्यावरून आरडाओरडा होतो, पण गाडीला ‘तू पहाटे तीनला जेव’ म्हटलं तर ती हूं की चूं करत नाही. इतकं शहाणं गिऱ्हाईक मी नोकरीच्या तीस वर्षांत पाहिलं नव्हतं.

आता तुमच्या मोठ्या प्रश्नाकडे येतो, ग्रिड तयार आहे का? ग्रिड ही एक वस्तू नाही, म्हणून उत्तरही एक नाही. वीज बनवणारी केंद्रं, त्यांना जोडणारे उंच टॉवर, मग सबस्टेशन, मग फीडर, आणि शेवटी तुमच्या कोपऱ्यातली डीपी. वरच्या टोकाला फार काळजी नाही. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या हिशेबानं २०२३ साली जगभरातल्या सगळ्या इलेक्ट्रिक वाहनांनी मिळून सुमारे १३० टेरावॉट-तास, म्हणजे १३,००० कोटी युनिट वीज घेतली. ऐकायला राक्षसी आकडा वाटतो. जगाच्या एकूण विजेतला हा वाटा अर्धा टक्का. ब्रिटनमधल्या नॅशनल ग्रिड या वीजवाहिन्यांच्या कंपनीचं म्हणणं असं, की देशातल्या सगळ्यांनी रातोरात इलेक्ट्रिक गाड्या घेतल्या तरी विजेची मागणी दहा टक्क्यांच्या आसपास वाढेल. आणि तिथली कमाल मागणी २००२ मध्ये ६२,००० मेगावॉट (एक मेगावॉट म्हणजे हजार किलोवॉट) होती, ती नंतर सुमारे १६ टक्क्यांनी उतरलीच आहे, कारण दिवे-फ्रिज कमी वीज खायला लागले.

आणि वाढ म्हणाल, तर ती ग्रिडला नवी नाही. अमेरिकेत १९५० आणि १९६० च्या दशकांत घरोघरी एसी, फ्रिज, टीव्ही आले तेव्हा विजेची मागणी दर दहा वर्षांनी जवळपास दुप्पट होत होती. एसी हे तर गाडीपेक्षा फार हट्टी गिऱ्हाईक. उकडायला लागलं की सगळ्यांना एकदमच लागतो. तरी ग्रिड उभं राहिलं, कारण गाड्यांसारखेच एसीही एका रात्रीत नाही आले. माझ्या मते ‘उद्या सगळ्यांनी घेतल्या तर’ हे वाक्यच फसवं आहे. उद्या सगळे घेणार नाहीत. जुन्या गाड्या विकायला, मोडीत काढायला पंधरा-वीस वर्षं जातात.

आता नॉर्वे. तुमचे गाडीवाले खोटं बोलत नाहीत. २०२४ मध्ये तिथे विकल्या गेलेल्या नव्या कारपैकी ८९ टक्क्यांच्या आसपास पूर्ण बॅटरीवरच्या होत्या, आणि त्याच वर्षी रस्त्यावरच्या बॅटरीवाल्या कारची संख्या पेट्रोल कारच्या पुढे गेली. २८ लाख कारपैकी साडेसात लाख. अंधार झाला नाही. पण नॉर्वेत घरं विजेवर गरम करतात, त्यामुळे घरापर्यंतची तार आधीपासूनच जाड आहे, आणि वीज जवळजवळ सगळी पाण्यावरची. नॉर्वेचं उदाहरण म्हणजे पैलवानाच्या मुलाला पोतं उचलताना बघून आपल्या पोराला पोतं द्यायचं. ‘हे होऊ शकतं’ एवढंच त्यातून सिद्ध होतं. ‘तुमच्या केबलवर होईल’ हे नाही.

तुमच्या अध्यक्षांच्या हाती बहुतेक कॅलिफोर्नियाची बातमी लागली असेल. ऑगस्ट २०२२ च्या अखेरीस त्या राज्यानं २०३५ पर्यंत नव्या पेट्रोल गाड्यांची विक्री थांबवण्याचा नियम मंजूर केला आणि आठवडाही उलटला नाही तोच उष्णतेची लाट आली. ग्रिड चालवणाऱ्यांनी लोकांना विनंती केली, की दुपारी चार ते रात्री नऊ गाड्या चार्जिंगला लावू नका. जगभर हसू झालं. हसणाऱ्यांनी दोन गोष्टी वाचल्या नाहीत. एक म्हणजे विनंती दिवसातल्या फक्त पाच तासांची होती, रात्री नऊनंतर खुशाल लावा. दुसरी, त्याच विनंतीत एसीचं तापमान वाढवा, मोठी उपकरणं लावू नका, हेही होतं. तो भार मुळात एसीचा होता. ६ सप्टेंबरला मागणी ५२,०६१ मेगावॉटवर गेली, तिथला तो विक्रम. संध्याकाळी पावणेसहाला लोकांच्या मोबाइलवर सरकारी इशारा गेला, मागणी भराभर उतरली आणि राज्यव्यापी भारनियमन टळलं. मला त्यातून एवढंच दिसतं, की संध्याकाळचे चार-पाच तास सांभाळले की बाकीचे एकोणीस-वीस तास मोकळे आहेत.

मग ग्रिड कुठे तयार नाही? हायवेवर आणि डेपोत. एक जलद चार्जर १५० किलोवॉटचा असतो, म्हणजे एकाच गाडीला तुमच्या डीपीचा पाऊण हिस्सा. असे आठ-दहा ओळीनं लावायचे तर स्वतंत्र हाय-टेन्शन लाइनच ओढावी लागते. ट्रकसाठी तर मेगावॉटचे चार्जर येताहेत. चीनच्या शेनझेन शहरानं २०१७ अखेर आपल्या सोळा हजारांवर सिटी बस इलेक्ट्रिक केल्या, पण ते शक्य झालं कारण बस कुठे उभ्या राहणार, किती वाजता चार्ज होणार हे आधी ठरलं आणि मग तारा ओढल्या. उलट नेदरलँड्समध्ये आज नवीन किंवा वाढीव जोडणीसाठी हजारो कंपन्या रांगेत आहेत. गाड्या, छतावरचं सोलर, विजेवर आलेले कारखाने, सगळ्यांना तार एकदम हवी झाली आणि तार ओढायचं काम मागे पडलं. शिवाय गेल्या काही वर्षांत मोठ्या ट्रान्सफॉर्मरची ऑर्डर देऊन मिळायला दोन-दोन वर्षं लागताहेत. कोणी मला विचारलं की काळजी कशाची वाटते, तर मी विजेची नाही म्हणणार, खोदकामाची आणि ट्रान्सफॉर्मरच्या रांगेची म्हणेन.

पण ती काळजी तुमच्या सभेच्या अजेंड्यावर नाही. तुमच्या अजेंड्यावर आहे ती कोपऱ्यातली डीपी, आणि तिच्याबद्दल आता जरा सविस्तर.

ट्रान्सफॉर्मर जास्त भारानं फटकन जळतो असं लोकांना वाटतं. तसा तो क्वचितच जळतो. आत तेल असतं आणि तांब्याच्या वेटोळ्यांभोवती कागद गुंडाळलेला असतो. भार वाढला की तापतो, तापला की कागद ठिसूळ होतो. ठरावीक मर्यादेच्या वर दर सहा ते आठ अंशांना त्या कागदाचं आयुष्य निम्मं होत जातं. संध्याकाळी दोन तास जास्त भार आला तरी तो सोसतो, कारण रात्री भार उतरतो आणि तेल गार होतं. माणसासारखंच आहे, दिवसा राबला तरी रात्री झोप मिळाली की टिकतो. म्हणून ‘सगळ्यांनी रात्रीच चार्ज करा’ हे सुद्धा डोळे मिटून म्हणायचं नाही. रात्रभर त्याला पूर्ण भारावर ठेवलंत तर त्याची झोप गेली. तुमच्या बाबतीत रात्री दोनला इमारतीचा भार समजा ४० किलोवॉट असेल, त्यात गाड्यांचे ३९ मिळवले तर ऐंशीच्या आत राहतो. २०० केव्हीएला ती झोपच आहे.

हा ‘समजा’ मात्र मला खटकतो. तुमच्या पत्रात ३३६ आहे, २०० आहे, पण आज तुमची इमारत प्रत्यक्षात किती वीज ओढते हा आकडाच नाही. अध्यक्षांकडे नाही, गाडीवाल्यांकडेही नाही. दोघंही पाटी वाचून भांडताहेत.

एक प्रसंग सांगतो. निवृत्तीनंतर एका ओळखीच्यांच्या इमारतीत बोलावणं आलं. तक्रार अशी, की रात्री आठनंतर काही घरांत दिवे मंद होतात आणि काही घरांत उलट भगभगीत. पाच चार्जर बसवले होते. ट्रान्सफॉर्मर पुरेसा मोठा, वीज कंपनी म्हणाली आमच्याकडून काही नाही. मी खाली मीटररूममध्ये गेलो, टाँग टेस्टर (तारेला चिमट्यासारखं धरून करंट मोजणारं यंत्र) लावला. इमारतीत वीज आर, वाय, बी अशा तीन तारांनी येते, त्यांना फेज म्हणतात. आर फेजला २४८ अँपिअर. वायला ९०. बीला ११२. पाचही चार्जर एकाच फेजवर! वायरमननं ते तिथे का जोडले? त्या बसबारवर, म्हणजे वीज वाटणाऱ्या धातूच्या पट्टीवर, बोल्ट लावायला जागा मोकळी होती म्हणून. बस्स, एवढंच कारण. तिन्ही फेजवर सारखा भार असला की न्यूट्रलमधून, म्हणजे परतीच्या तारेतून, जवळपास काही वाहत नाही. इथे दीडशेच्या आसपास अँपिअर न्यूट्रलमधून परत जात होते, आणि जुन्या पद्धतीप्रमाणे न्यूट्रलची तार फेजच्या तारेच्या निम्म्या जाडीची टाकलेली. तिच्या टोकाच्या जोडाजवळ हात नेला तर धग लागली. इन्सुलेशन चहाच्या रंगाचं झालं होतं. तो न्यूट्रल आणखी महिनाभरात सुटला असता, आणि न्यूट्रल सुटला की कमी भाराच्या फेजवर व्होल्टेज वाढतं, २३० च्या जागी तीनशेच्या वर जाऊ शकतं. ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांचे टीव्ही आणि फ्रिज गेले असते. दुपारभरात चार्जर तीन फेजवर वाटले आणि तक्रार संपली. ट्रान्सफॉर्मर बदलावा लागला नाही. दोन महिने मात्र त्या इमारतीत लोक ‘ग्रिड तयार नाही’ म्हणत होते.

तेव्हा सभेआधी एक करा. परवानाधारक वायरमनला सांगून मेन केबलवर आठवडाभर रेकॉर्डिंग घ्या, तिन्ही फेजचं आणि न्यूट्रलचंही. रेकॉर्डर नसला तर रोज संध्याकाळी सात ते अकरा दर अर्ध्या तासानं टाँग टेस्टरचे आकडे वहीत लिहून घ्यायला सांगा. त्या मीटररूममध्ये तुम्ही स्वतः हात घालायचा नाही. ऐन उन्हाळ्यातला आठवडा मिळाला तर उत्तम, नाहीतर वीज कंपनीकडे ट्रान्सफॉर्मरच्या कमाल मागणीची नोंद मागा. ही डीपी फक्त तुमच्यासाठी आहे की शेजारची इमारतही तिच्यावर आहे, तेही विचारून घ्या. हे विचारायचं बहुतेक जण विसरतात आणि मग सगळं गणित पाण्यात जातं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची, आणि ती विजेची कमी, भांडणाची जास्त आहे. नऊ जणांना नऊ वेगळ्या परवानग्या देऊ नका. प्रत्येक जण आपल्या मीटरवरून आपली वायर ओढणार, आपला सात किलोवॉटचा चार्जर ठोकणार, आणि कधी लावायचा हे आपल्या मर्जीनं ठरवणार. पहिल्या बारा जणांचं भागेल. तेराव्याला तुम्ही म्हणाल, आता क्षमता संपली, ट्रान्सफॉर्मर मोठा करायचा तर खर्च तुझा. तो तेरावा तुमच्यावर बरोबरच चिडेल. डीपीतली शिल्लक क्षमता ४८ जणांची सामाईक आहे. ती आधी आला त्याची नव्हे.

त्याऐवजी पार्किंगसाठी एक वेगळं पॅनेल घ्या, त्यात लोड मॅनेजमेंट असू द्या. त्याचं काम सोपं आहे. इमारतीच्या मेन केबलभोवती एक कडं बसवतात, त्याला सीटी म्हणतात. ते सतत मोजतं की आत्ता किती भार आहे. शिल्लक असेल तेवढंच चार्जरना वाटून देतं. संध्याकाळी एसी चालू झाले की गाड्यांचा वाटा आपोआप कमी, मध्यरात्री जास्त. गाडी आणि चार्जर यांच्यातला जो मान्य संकेत आहे, त्यात चार्जिंग सहा अँपिअरपर्यंत खाली आणता येतं, म्हणजे सुमारे १.४ किलोवॉट. समजा ४८ च्या ४८ गाड्या एकाच वेळी लागल्या आणि प्रत्येकीला हे किमानच मिळालं, तरी एकूण ६६ किलोवॉट होतात आणि रोजचे साडेसहा युनिट पाच तासांत भरतात. सकाळी सगळ्यांच्या गाड्या तयार. आज बारा जणांनी पॅनेलचा खर्च वाटून घ्यावा. पुढे येणाऱ्यानं आपला हिस्सा भरून जोडून घ्यावं. चार्जरला स्वतंत्र मीटर हवाच, नाहीतर जिन्यातल्या दिव्यांच्या बिलावरून वर्षभर सभा चालेल.

एवढं करायचं नसेल आणि नुसता टायमर लावायचा असेल तर एक खोच लक्षात ठेवा. सगळ्यांनी टायमर बरोबर दहाला लावला की दहाच्या ठोक्याला बारा गाड्या एकदम उठतात. ब्रिटनमध्ये याची जुनी आठवण आहे. ४ जुलै १९९० ला विश्वचषकाच्या उपांत्य फेरीत इंग्लंड पेनल्टीवर पश्चिम जर्मनीकडून हरलं, आणि सामना संपताच घरोघरी चहाच्या किटल्या लागल्या. मागणी २,८०० मेगावॉटनं उसळली. तोच धडा घेऊन की काय, त्यांनी ३० जून २०२२ पासून नियम केला, की घरचा नवा चार्जर मुळातच गर्दीच्या वेळा टाळणारा असला पाहिजे, आणि चालू होताना दहा मिनिटांपर्यंत मनाला येईल तेवढा थांबून चालू झाला पाहिजे. तुम्हीही टायमर पुढेमागे लावून घ्या. चौघांचा दहाला, चौघांचा बाराला, चौघांचा दोनला. वहीत लिहून भिंतीवर चिकटवलं तरी चालतं.

आणि सात किलोवॉटचा हट्ट सोडायला सांगा. ३.३ किलोवॉटवर साडेसहा युनिट दोन तासांत भरतात. रात्र दहा तासांची असते, घाई कसली? ज्याला रोज दोनशे किलोमीटर धावायचंय त्याची गोष्ट वेगळी, त्याला पॅनेलमध्ये प्राधान्य देता येतं. ज्यांच्या कामाच्या ठिकाणी दुपारी चार्जिंग आहे त्यांनी तिथेच लावावं. उन्हात सोलरची वीज भरपूर असते. काही देशांत तर दुपारी ती वाया जाते आणि सूर्य मावळला की ओढाताण सुरू होते. कॅलिफोर्नियाच्या ग्रिडवाल्यांनी सोलरची वीज वजा करून उरणाऱ्या दिवसभराच्या मागणीचा आलेख २०१३ मध्ये काढला, तेव्हा तो बदकासारखा दिसला: दुपारी पोट खाली, संध्याकाळी मान ताठ. गाड्यांनी पोटात शिरावं, मानेवर बसू नये.

सभेत कोणीतरी उठून म्हणेल, की पुढे गाडीच ग्रिडला वीज परत देणार आहे, मग आत्ता खर्च कशाला. तंत्र खरं आहे, जिथे-तिथे प्रयोग चालू आहेत, पण त्याची वाट बघत पॅनेल अडवू नका. केबलसाठी पाइप टाकताना एक नंबर मोठा टाका, तेवढी तयारी पुरे.

अध्यक्षांना माझा निरोप द्या, की ट्रान्सफॉर्मरकडे बघणारा माणूस सोसायटीत असणं हे भाग्य. मोजणीची जबाबदारी त्यांच्याकडेच द्या. ज्यानं आकडे स्वतः लिहिले तो त्यांच्याशी भांडत नाही. मोजल्यावर डीपी खरंच भरत आली असं निघालं, तर वाढीव क्षमतेचा अर्ज लगेच टाका; वर सांगितलेली रांग तुम्हालाही आहे.

आता तुमच्या ता. क. बद्दल. सगळ्या पत्रात मला घाम फोडला तो याच ओळीनं. स्कूटरची बॅटरी दोन ते चार युनिटची, चार्जर किलोवॉटच्या आत-बाहेर; ग्रिडला तिची जाणीवही होणार नाही. पण एक्स्टेन्शन बोर्डला होते. तो मोबाइल आणि टेबल-लॅम्पसाठी केलेला असतो, सलग चार-पाच तास चार-पाच अँपिअर वाहायला नाही. आतल्या पितळी पट्ट्या तापून सैल होतात, सैल झाल्या की आणखी तापतात. उरलेली वायर गुंडाळून ठेवत असाल तर त्या वेटोळ्यात उष्णता कोंडते. त्यातून खिडकी पूर्ण लागत नाही, चौकटीत वायर चेपते, पाऊस आला की बोर्ड भिजतो, आणि खालून येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पायात ती येते. आज चार्जिंग बंद केल्यावर प्लग हातात धरून बघा. कोमट असेल तर ठीक नाही. चटका बसला किंवा भोकाभोवती तपकिरी वलय दिसलं तर बोर्ड सरळ कचऱ्यात टाका.

बॅटरी काढता येत असेल तर ती वर न्या आणि भिंतीतल्या १५ अँपिअरच्या सॉकेटला लावा, डोळ्यांसमोर, दाराच्या वाटेत नाही, रात्री झोपताना नाही. काढता येत नसेल तर पार्किंगमध्ये स्वतंत्र एमसीबी (भार जास्त झाला की बंद पडणारा स्विच), आरसीसीबी (वीज गळली की तोडणारा स्विच) आणि तपासलेल्या अर्थिंगसह एक सॉकेट घ्यायचा अर्ज द्या. दहावा अर्ज म्हणून, आणि सचिव आहात म्हणून आधी मंजूर करून घेऊ नका. सभा होईपर्यंत वायर आत ओढून ठेवा.

मोजणीचे आकडे आले की पाठवा. तिन्ही फेजचे वेगळे लिहा, बेरीज करून पाठवू नका.